अठ्ठ्याण्णव सेंटिमीटरची मीटरपट्टी

आटपाट शाळा होती. शाळेत विज्ञानाचे एक सर होते, त्यांना मुलं पाठीमागं 'नऊ-आठ' म्हणायची. प्रयोगशाळेचे एक मामा होते, त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. शाळेमागच्या गल्लीत एक शिंपीण होती. तिला दोन मुलं. थोरला हुशार म्हणून गाजलेला, आणि धाकटी काटकुळी, टोचून बोलणारी, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणायचे. आणि प्रयोगशाळेच्या कपाटाआड, भिंतीला पाठ लावून उभी होते मी.

मी मीटरपट्टी बोलतेय.

मला लिहिता-वाचता येत नाही, हे आधीच सांगते. अंगावर आकडे छापले म्हणून कोणी शहाणं होत नाही. तसं असतं तर भिंतीवरचं कॅलेंडर प्राध्यापक झालं असतं. पण माझ्या लक्षात सगळं राहतं. कुणी मला कुठं धरलं, कशासाठी धरलं आणि धरून काय खोटं लिहिलं, सगळं.

माझा जन्म एका सुतारखान्यातला. लाकूड चांगलं मुरलेलं होतं. रंधा फिरला, आकडे उमटले, दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसल्या. तिथला म्हातारा कारागीर प्रत्येक पट्टी एका पोलादी पट्टीला लावून बघायचा. माझी पाळी आली तेव्हा त्यानं एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "जा. खोटं बोलू नकोस." तेव्हा मी पुरती शंभर होते. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही.

शाळेत आले तेव्हा वाटलं होतं, दिवसभर मोजत बसायचं. कसलं काय! मी फळ्यावर बोट म्हणून फिरले. कोळिष्टकं काढली. कौलावर गेलेला चेंडू पाडला. पंखा अडकला की मामा मला खालून त्याच्या पात्याला टोचायचे. दोन-चार तळहातांवरही पडले, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मोजायला मात्र वर्षातून एकदा, तेही तपासणीसाहेब येणार असले तर.

आता नऊ-आठ हे काय प्रकरण, ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दोरीला एक गोळा बांधायचा, वर अडकवायचा, झुलवायचा. झोके मोजायचे, घड्याळ बघायचं, दोरीची लांबी माझ्यावर मोजायची. एवढ्यावरून पृथ्वी आपल्याला खाली किती ओढते त्याचा आकडा निघतो. तो आकडा येतो नऊ पॉइंट आठ. केवढी गंमत आहे बघा, खोलीत बसून, दोरी आणि गोळा घेऊन पृथ्वी मोजायची.

पण गंमत कुणी करायचीच नाही. सर वर्गात यायचे, फळ्यावर झोके, वेळ, लांबी असे तयार आकडे लिहायचे, आणि म्हणायचे, "उतरवून घ्या. शेवटी नऊ पॉइंट आठ आलंच पाहिजे." मुलं उतरवून घ्यायची. जी गैरहजर असायची ती 'मूळ जर्नल'मधून उतरवायची. मूळ जर्नल म्हणजे फार वर्षांपूर्वीच्या एका मुलीची प्रयोगवही. तिनं खरोखर मोजलं होतं. तिचे आकडे पिढ्यान्‌पिढ्या चालले होते, घरातल्या जुन्या पातेल्यासारखे. घासून घासून पातेलं पातळ झालं, तरी स्वयंपाक त्यातच.

सर वाईट नव्हते. उगाच कुणाला नावं ठेवू नये. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, जादा तास घ्यायचे, घरी आजारी बायको असताना शाळेचा निकाल शंभर टक्के लावायचे. पण वरून विचारणा व्हायची ती निकालाची. कपाट उघडलं का, असं कुणी विचारत नव्हतं. उलट कपाट उघडलं आणि काही फुटलं, तर डेडस्टॉकच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत नोंद, नोंद झाली की खुलासा, खुलासा केला की त्यावर आणखी खुलासा. त्यामुळं कपाटाला कुलूप आणि मुलांना फळा. कुणाचंच काही फुटत नव्हतं.

माझं मात्र फुटलं.

एका दुपारी खिडकीची कडी तुटलेली होती, म्हणून मामांनी मला खिडकीत आडवं अडकवलं. वारा आला, दार आपटलं, आणि माझं शून्याकडचं टोक चिरफाळलं. मामा घाबरले. त्या माणसानं आयुष्यात कधी उशिरा येण्याचाही खुलासा लिहिला नव्हता. त्यांनी टोपी काढली, चिरफाळलेलं टोक करवतीनं सरळ कापलं, कानशीनं घासलं, डिंक लावून टोपी परत बसवली. दोन सेंटिमीटर लाकूड केरात गेलं.

मी पूर्वीसारखीच दिसत होते. टोकाकडचे आकडे मुलांच्या हातांनी कधीच पुसले गेले होते. पहिला धड दिसणारा आकडा सात. शून्य कुठं आहे ते कोण बघतो?

पण मला कळत होतं. त्या दिवसापासून माझ्या तोंडून निघणारा प्रत्येक शब्द दोन बोटांनी खोटा होता. कारागिराचं बोलणं आठवायचं आणि लाकूड असूनही आत कुठंतरी दुखायचं.

तीन वर्षं गेली. शिंपिणीचा थोरला शाळेत पहिला आला. दाराशी लावलेल्या फलकावर त्याचं नाव पांढऱ्या रंगात चढलं. इंजिनिअरिंगला गेला तेव्हा शिंपिणीनं त्याला दोन सदरे शिवले, आणि सर स्वतः त्याला गाडीपर्यंत सोडायला गेले.

दुसऱ्या सहामाहीत तो परत आला.

कॉलेजातल्या प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात तारेचा तुकडा ठेवला होता. हिची जाडी काढ, म्हणाले. त्यानं विचारलं, "सर, उत्तर किती यायला हवं?"

सगळे हसले. त्यात वाईट हेतू नव्हता म्हणे, पण 'उत्तर किती' हे नाव पडायचं ते पडलंच. 'उत्तर किती आला का?' 'उत्तर किती, चहा घेणार का?' असं सहा महिने. पुस्तकातलं सगळं पाठ, पण हातात यंत्र दिलं की कुठून धरायचं तेच कळेना. शेवटी पेटी उचलून घरी आला, आणि आईच्या शेजारी बसून काजं करायला लागला. बोलायचा कमी. मामा हे सगळं झाडताना स्वतःशीच बोलायचे, म्हणून मला ठाऊक.

आणखी चार वर्षांनी टाचणी वरच्या वर्गात आली. आणि त्याच वर्षी एक पत्र आलं. इंजिनिअरिंग कॉलेज प्रत्येक सरकारी शाळेतून एक मूल घेणार, राहण्या-जेवणाची सोय त्यांची. पण निवड मार्कांवर नाही. त्यांचा माणूस शाळेत येणार, शाळेच्याच प्रयोगशाळेत, शाळेच्याच सामानानं मुलांकडून प्रयोग करून घेणार. हाताची परीक्षा.

सरांनी चार नावं दिली. टाचणीचं चौथं, तेही जरा नाइलाजानं. ती प्रश्न फार विचारायची.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती मामांपुढं उभी राहिली.

"मामा, कपाट उघडा ना."

"कशाला गं?"

"झोके मोजायचेत."

"आणि काही फुटलं म्हणजे?"

"मी फोडलं म्हणून सांगेन."

"तू सांगशील. खुलासा मला लिहावा लागेल."

"मी लिहून देते खुलासा. माझं अक्षर चांगलं आहे, सर चिडले तरी वाचता येतं त्यांना."

मामा हसले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा साहेब येणार नसतानाही कुलूप उघडलं.

पोरीनं मला हातात घेतलं तेव्हा अंगावर शहारा आला. तिनं दोरी बांधली, गोळा लावला, माझं पितळी टोक वर टेकवलं, गोळ्यापर्यंत वाचलं. शंभर. खरं तर ते अठ्ठ्याण्णव होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण लाकडाला तोंड कुठं असतं!

उत्तर आलं दहा. पुन्हा केलं, पुन्हा दहा. दोरी आखूड केली, तर दहा पॉइंट तीन. ती वही घेऊन सरांकडे गेली आणि पाय आपटत परत आली.

"काय म्हणाले?" मामांनी विचारलं.

"झोके मोजायला चुकलीस म्हणाले. अहो मामा, झोके चुकले असते तर कधी कमी आलं असतं, कधी जास्त. हे मेलं कायम जास्तच येतंय. आणि दोरी आखूड केली की आणखी जास्त."

"मग?"

"मग काय! मूळ जर्नल बघ म्हणाले, आणि सूत्रं पाठ कर म्हणाले."

मामा कपाट पुसायला लागले. जे आधीच पुसलेलं होतं ते.

आठवडाभर तिनं मधली सुट्टी सोडली नाही. डबा एका हातात, घड्याळ दुसऱ्या हातात. घड्याळ बदललं, दोरी बदलली, गोळा बदलला. मला बदलावं असं तिच्या मनात आलं नाही. येणार कसं? मोजणाऱ्यालाच मोजायचं, हे शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मामा, पट्टी एक दिवस घरी नेऊ? घरी निवांत करून बघते."

मामांनीच मला वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या हाती दिलं. त्यांच्या मनात काय होतं, मला नाही सांगता येणार. वाटतं की त्यांनाही ओझं झालं असावं.

शिंपिणीचं घर म्हणजे दीड खोली. अर्ध्या खोलीत मशीन आणि कापायचं टेबल. थोरला खिडकीशी काजं करत बसलेला. टाचणीनं मला टेबलाला टेकवलं आणि विषय काढला.

"आई, परीक्षा पुढच्या महिन्यात आहे."

"असू दे की."

"निवड झाली तर जायचं का?"

शिंपिणीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "एक पाठवला, तो काजं करतोय. आता तुला पाठवू, म्हणजे बटणं लावायला माणूस मिळेल मला."

थोरल्यानं मान वर केली नाही. त्याची सुई मात्र थांबली.

"आई, मी दादा नाहीये."

"तोही माझ्या पोटचाच होता गं. तुझ्याहून हुशार. फलकावर नाव आहे त्याचं." शिंपिणीचा आवाज खाली आला. "मी एकदा पोर धाडलं ते हसतं-बोलतं होतं. परत आलं ते मुकं. दुसऱ्यांदा मला नाही जमायचं."

शिंपीण पडद्याचं कापड मांडायला लागली. तिची टेप कुठंतरी कापडाखाली गेली होती, म्हणून हाताशी होते त्या मलाच तिनं उचललं. एकदा मांडलं. दुसऱ्यांदा मांडलं. मग थांबली, आणि मला उभं धरून खालून वर बघितलं.

"ही पट्टी कुणाची?"

"शाळेची."

"आखूड आहे."

थोरला पहिल्यांदा बोलला. "आई, मीटरपट्टी मीटरभरच असते."

"मला नको शिकवूस. पंचवीस वर्षं नाकापासून बोटापर्यंत कापड ओढतेय मी. मीटर माझ्या हातात आहे. ही दोन बोटं कमी आहे." तिनं कापड झटकलं, टेप शोधून काढली आणि टाचणीच्या हातात एक टोक दिलं. "धर. अगं, टोकाला नको धरूस. टेपचं तोंड झिजलेलं असतं, पत्रा ढिला होतो. दहावर धर. पुढं जे येईल त्यातून दहा वजा कर."

टाचणीनं दहावर धरलं. दुसरं टोक एकशे आठवर आलं.

"अठ्ठ्याण्णव," टाचणी म्हणाली.

त्या क्षणी मला काय वाटलं सांगू? सुतारखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी मला मोजलं होतं. आणि मोजलं ते शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं.

टाचणी तिथंच खाली बसली. "म्हणून आखूड दोरीला जास्त चूक येत होती."

"मग काय," शिंपीण म्हणाली. "झग्याच्या घेरात दोन बोटं लपतात. बाहीत लपत नाहीत."

थोरला उठून जवळ आला. त्यानं मला हातात घेतलं आणि पितळी टोपीवर अंगठा फिरवला. तिथं शाईचा एक निळा डाग आहे. टोपीवरून सरळ लाकडावर उतरलेला.

"हा डाग माझा," तो म्हणाला. "प्रॅक्टिकलच्या दिवशी पेन गळालं होतं. आणि डाग सलग आहे बघ, टोपीवरून लाकडावर. म्हणजे तेव्हाही टोपी इथंच होती. तेव्हाही ही आखूडच होती."

"मग तुझं उत्तर किती आलं होतं?" टाचणीनं विचारलं.

"नऊ पॉइंट आठ." त्यानं मला टेबलावर ठेवलं. "पैकीच्या पैकी मिळाले होते."

शिंपिणीला ते हळूहळू उमगत गेलं. कापड हातातच राहिलं. "म्हणजे तू मोजलंच नव्हतंस?"

"कोणीच नव्हतं मोजलं, आई. उत्तर आधी लिहायचं आणि मग त्याला साजेसे आकडे भरायचे. मला वाटायचं, प्रयोग म्हणजे तेच."

"अरे मग तू हरलास कुठं?" शिंपीण म्हणाली. "मी एखाद्या पोरीला कात्री हातात न देता बारा वर्षं शिवण शिकवीन, आणि मग म्हणेन, शीव बाई झगा. ती रडेल नाहीतर काय करेल?"

त्या दिवशी थोरला जेवायला सगळ्यांबरोबर बसला. आणि जेवण झाल्यावर वरून पेटी काढून त्यानं तारेचा एक तुकडा आणि कॉलेजसाठी घेतलेलं जाडी मोजायचं यंत्र बहिणीच्या पुढ्यात ठेवलं. "चल, शिकूया," म्हणाला. "मलाही नीट येत नाही."

दुसऱ्या दिवशी टाचणीनं मला मामांच्या हातात दिलं आणि नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मामा स्टुलावर बसले.

"मी कापली," ते म्हणाले. "सात वर्षं झाली. माझे चार महिने राहिलेत, पोरी. चार महिन्यांनी मी घरी. आता शेवटाला नको खुलासा."

"मी कशाला सांगू?" टाचणी म्हणाली. "मी दहापासून मोजेन."

एवढंच. पुढं परीक्षेपर्यंत दोघं त्यावर बोलले नाहीत. मामा मात्र तिच्यासाठी रोज कपाट उघडत राहिले.

परीक्षा घ्यायला एक बाई आल्या. साध्या, उंच, आवाज हळू. त्यांच्या पर्समध्ये कंगवा असेल नसेल, पण स्टीलची छोटी टेप होती, ते नंतर कळलं. चौघांना एकच प्रयोग दिला. झोक्याचा. सामान एकच, त्यामुळं एकेकानं करायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. बाई मागच्या बाकावर बसून बघत होत्या. सर दाराशी, मामा कपाटाशी.

पहिल्या तिघांनी मला शून्यापासून धरलं, चार-दोन झोके मोजले आणि वहीत भराभर लिहिलं. तिघांचंही नऊ पॉइंट आठ. सरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

टाचणीनं माझा दहाचा आकडा वर टेकवला. वेळ घेतला. वीस झोके, तीन वेळा. तिचंही नऊ पॉइंट आठ, आणि एका दोरीला नऊ पॉइंट सात. तिनं नऊ पॉइंट सात खोडलं नाही.

बाईंनी चारी वह्या घेतल्या, चौघांना आत बोलावलं, आणि टाचणीला विचारलं, "दहापासून का मोजलंस?"

टाचणीची नजर एकदा कपाटाकडे गेली. सत्य सांगितलं तर मामा अडकणार, आणि नाही सांगितलं तर तिच्यात आणि बाकीच्या तिघांत फरक काय राहिला? जागा एकच होती. घरी आईनं अजून हो म्हटलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. पोर मला घट्ट धरून उभी होती. तिच्या हाताचा घाम मला लागत होता.

"आई तशीच मोजते," ती म्हणाली. "ती शिवणकाम करते. टेपचं टोक झिजलेलं असतं."

"या पट्टीचं टोक झिजलंय?"

टाचणी गप्प.

बाईंनी पर्स उघडली. टेप माझ्या अंगावर ठेवली, वाकून बघितलं. मग बाकीच्या तिघांकडे वळल्या. ओरडल्या नाहीत.

"तुम्ही शून्यापासून मोजलंत?"

"हो, मॅडम."

"ही पट्टी दोन सेंटिमीटर कमी आहे. शून्यापासून मोजलं तर दहाच्या पुढं यायला हवं. तुमचं नऊ पॉइंट आठ कसं आलं?"

तिघांतला एक अगदी निरागसपणे म्हणाला, "तेवढंच यायला हवं ना, मॅडम."

सरांनी भिंतीला हात टेकवला. ते वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं.

"पट्टी कमी कशी असेल?" ते म्हणाले. "शाळेची पट्टी आहे. वहीत शंभर सेंटिमीटर अशी नोंद आहे."

तेव्हा मामा कपाटापासून पुढं आले. कुणी विचारलं नव्हतं. टाचणीनं मान हलवून त्यांना 'नको' म्हटलं, ते मला दिसलं.

"मी कापली, सर, सात वर्षांपूर्वी," मामा म्हणाले. "खिडकीत चिरली होती. ती पोर माझ्यासाठी गप्प आहे. माझ्यापायी तिची जागा जायला नको."

"मामा, सात वर्षं? मला सांगायचं होतंत."

"रोज वाटायचं, सांगावं. पण सर, इतक्या वर्षांत एकाही मुलाचं उत्तर चुकलं नाही. मला वाटलं, मग पट्टी बरोबरच असेल."

कुणी हसलं नाही. बाईंच्या ओठांशी हसू आलं होतं, पण सरांकडे बघून त्यांनी ते गिळलं.

"सूत्रं पाठ असलेली मुलं आमच्याकडे खूप येतात," त्या एवढंच म्हणाल्या. "पट्टी आखूड आहे हे ओळखणारं वर्षाला एखादं येतं." मग मामांना म्हणाल्या, "नोंदवहीत लिहा, लांबी अठ्ठ्याण्णव. नोंदीवर मी सही करते, खुलासा नको. उपकरण उत्तम काम देतंय."

सगळे गेल्यावर सर एकटेच मागं राहिले. त्यांनी दार लोटलं, दोरी बांधली, मला शून्यापासून धरलं आणि झोके मोजले. दहा आलं. पुन्हा मोजले. मग मुलांच्या बाकावर बसून त्यांनी तो दहाचा आकडा एका कागदावर लिहिला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. त्या दिवसानंतर कपाटाला कुलूप राहिलं, पण किल्ली वर्गात खिळ्याला लटकायला लागली.

निवडीचं पत्र शिंपिणीच्या घरी गेलं. तिथं मी नव्हते, पण मामांनी सांगितलं. शिंपिणीनं पत्र वाचून घेतलं, आणि थोरल्याला विचारलं, "तुला काय वाटतं? तू जाऊन आलायस."

थोरला म्हणाला, "ती तिथं जाऊन 'उत्तर किती यायला हवं' असं नाही विचारणार, आई. ती विचारेल, पट्टी कुणी तपासली?"

शिंपीण मशीनवर बसली. दोन सदरे शिवायला घेतले.

टाचणी गेली. पहिली सहामाही गेली. दुसरी लागली तशी शिंपीण रोज संध्याकाळी दाराशी उभी राहायची, पेटी घेऊन कुणी येतंय का बघायला. कुणी आलं नाही. दुसरी सहामाही संपली तरी कुणी आलं नाही. आली ती फक्त टाचणीची चिठ्ठी, "दोन विषय कसेबसे निघाले, गणितात रडले, पण प्रयोगशाळेत बाई मला दुसऱ्या मुलांना शिकवायला उभं करतात."

मामा त्याआधीच, ठरल्या चार महिन्यांनी घरी गेले होते, एकही खुलासा न लिहिता. त्यांच्या जागी कोण आलं असेल? शिंपिणीचा थोरला. सर स्वतः त्याला बोलवायला गल्लीत गेले होते. दाराबाहेर उभं राहून म्हणाले, "मी तुला चुकीचं शिकवलं. आता माझ्या मुलांना तू बरोबर शिकव." दिवसा तो माझ्याजवळ असतो, आणि संध्याकाळी पुन्हा शिकायला जातो, पदविकेला.

आता माझं ऐका. मी म्हातारी झालेय. अंगावरचे आकडे फिके झालेत. शाळेत दोन नव्या स्टीलच्या पट्ट्या आल्यात, पुरत्या शंभराच्या. तरी दरवर्षी नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी थोरला मलाच मुलांच्या हाती देतो आणि काही सांगत नाही. मुलं मोजतात, दहा येतं, घाबरतात. एकमेकांच्या वहीत डोकावतात. कुणीतरी हळूच विचारतंच, "दादा, उत्तर किती यायला हवं?"

तो म्हणतो, "जे आलं ते लिहा. मग शोधू."

मला नवं टोक बसवू नका, एवढंच मागणं आहे. शंभराची असताना मला कुणी विचारलं नाही. अठ्ठ्याण्णवाची झाले आणि कामाला आले.

परवा टाचणी सुट्टीला आली होती. दुसरं वर्ष पार केलंय. शिंपीण प्रयोगशाळेत आली, दोन पांढरे कोट शिवायचे होते, एक लेकीला, एक लेकाला. टेप घरी विसरली होती, म्हणून तिनं मलाच उचललं. लेकीचा हात सरळ केला, खांद्याला माझा दहाचा आकडा टेकवला आणि मनगटापर्यंत वाचलं.

"आई, थोडी सैल ठेव," टाचणी म्हणाली.

"गप्प बस. बाहीत दोन बोटं लपत नाहीत."

मग लेकाचा हात धरला. पुन्हा दहापासून. कोट शिवून झाले. दोघांनाही नीट बसले.

शिंपिणीच्या घरी जसं सुख आलं, तसं ते तुमच्या घरी येवो. शंभराची कहाणी अठ्ठ्याण्णवात संपूर्ण.